ज्याचं परत आलं, त्याला

प्रिय सर्वेश,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखणार नाहीस. रविवारमागून रविवार आपण समोरासमोर बसलो, पण एकमेकांचं अक्षर बघायची वेळ कधी आली नाही. मोबाइलवर चार ओळी टाकता आल्या असत्या. पण मग तू वाचलंस की नाही हे बघायला मी दिवसभर फोन उघडत राहिले असते. पत्र टाकलं की सुटलं. लातूरला पोचेल तेव्हा पोचेल.

घरचं ठीक आहे. ह्यांचा गुडघा आता बरा आहे, सकाळी गोवर्धन घाटापर्यंत चालून येतात. आमची राजश्री पुण्यात नोकरीला लागली. तिचा फोन येतो तेव्हा ती जेवणाचं विचारते, तब्येतीचं विचारते, आणि काही काढलंस का हे विचारायचं टाळते. ती टाळते ते मला स्पष्ट ऐकू येतं. शाळेत चित्रकलेचे तास कापून गणिताला दिले. मी भांडले नाही. जी बाई स्वतः काढत नाही तिनं कोणत्या तोंडानं सांगायचं की पोरांना चित्रकला पाहिजे? इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलींना मी अजून शिकवते. सावली कुठं पडेल, भांड्याचा काठ कुठं वळेल, सगळं बोटानं दाखवते. पेन्सिल हातात घेत नाही. त्यांना वाटतं, ही बाईंची पद्धत आहे.

मागं फोनवर तू विचारलंस, लातूरच्या माझ्या बैठकीला का आली नाहीस. मी विषय बदलला. मी आले होते, सर्वेश. आत्याच्या नातीचं लग्न होतं, दुपारी अक्षता टाकल्या आणि संध्याकाळी एकटीच रिक्षानं सभागृहात आले. शेवटच्या रांगेत बसले. तू पूरिया धनाश्री मांडलास. तुझा आवाज पूर्वीपेक्षा जाड झालाय, खालच्या सुरांवर तू घाई करत नाहीस. मध्यंतरात लोक चहाला उठले तेव्हा मी बाहेर पडले ती थेट बस स्टँडवर गेले. अहमदपूरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते, काय बघितलं ते सांगता येणार नाही. तू चांगला गायलास. हे एवढं वाक्य लिहायला मला इतके महिने लागले.

आपली खोली तुझ्या डोळ्यांपुढं अजून येत असेल का? वजिराबादेत बँडच्या दुकानावरची ती वरची खोली, खाली लग्नसराईत तालमी चालायच्या आणि वर आपण, ज्यांच्याकडून काहीच निघत नव्हतं असे, सतरंजीवर गोल बसलेलो. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं हे दारू सोडणाऱ्यांचं काहीतरी असावं. एका अर्थी ते तसंच होतं. रेवणप्पा, आपले अप्पा, उदगीरहून नांदेडला आलेले, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी चित्रं काढली. सगळी पिऊन काढली. मग दारू सोडणाऱ्यांच्या त्या बारा पायऱ्यांच्या सभांना जाऊन दारू सुटली आणि दारूबरोबर चित्रही गेलं. पाट्या फ्लेक्सनं नेल्या, त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. शुद्धीवर असताना हात चालत नाही, याचं वाटायचं. ज्या पायऱ्यांनी दारू सुटली त्यांनीच हे सुटेल, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी बँडवाल्या मित्राकडून ती खोली मागून घेतली. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, दारू सोडायला देवाचं नाव घेतलं. चित्र धरायला कुणाचं घ्यावं, ते मला बी ठाऊक न्हाई. पण बसून राहू."

मग प्रत्येकानं पहिली पायरी म्हणायची. माझं नाव विनीता, माझं काम थांबलंय आणि ते माझ्या जोरावर सुरू होत नाही. मी ते म्हटलं आणि मला रडू आलं, कारण तोवर सगळे मला कारण विचारत होते. विहिरींच्या आतल्या भिंतींची चित्रं काढणारी, मुंबईला प्रदर्शन झालेली बाई अचानक का थांबली? नवऱ्यानं अडवलं का, कुणी वारलं का, आजार आहे का? असं काहीच नव्हतं. ह्यांनी तर गच्चीवर माझ्यासाठी उत्तरेच्या उजेडाची खोली बांधली. मी त्या खोलीत जायचे, बसायचे आणि काही वेळानं वाळलेले कपडे घेऊन खाली यायचे. आता तिथं गाद्या ठेवल्यात. वजिराबादेतल्या खोलीतल्या लोकांनी, म्हणजे तुम्ही, मला कारण विचारलं नाही. तेवढ्यासाठी मी येत राहिले.

तुझं कारण मात्र होतं. ते तू मला घाटावर सांगितलंस. मनातलं सगळं एका माणसाला सांगायचं, ही पायरी आली तेव्हा अप्पांनी आपली जोडी लावली होती. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तू लहान होतास, मातीतून काढलेला. पुढं गळा चांगला निघाला आणि दर सप्टेंबरअखेरीला कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात तुला उभं करायचे. तू गायचास आणि लोक रडायचे. एकदा तुझा सूर उघड उघड घसरला, तरी लोक रडले. तेव्हा तुला कळलं की ते तुझं गाणं ऐकतच नाहीत. पुढच्या वर्षी तू तोंड उघडलंस आणि काही आलंच नाही. हे सांगताना तू पाण्याकडे बघत होतास, माझ्याकडे नाही. त्या दिवशी घरी जाताना वाटेत मला वाटलं की जगात मला कळणारं एक माणूस आहे. याहून जास्त मी आता लिहीत नाही.

तुझं परत आलं तो रविवार मला पूर्ण आठवतो. खाली क्लॅरिनेटवाला एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत होता. शेषेराव बोलत होते, हदगावच्या त्यांच्या गोष्टी कशा मनात येतात आणि कागदावर मरतात ते. आणि तू, कुणाकडे न बघता, ती चुकणारी जागा गाऊन दाखवलीस. सहज, जसं कुणाचा पदर अडकला तर आपण सोडवून देतो तसं. मग तूच दचकलास. खालचं वाजणं थांबलं. अप्पा तोंडावर उपरणं धरून रडायला लागले. तू पुन्हा गायलास, मोठ्यानं, आणि आम्ही सगळे हसत होतो, रडत होतो. मीही. पण सर्वेश, त्याच वेळी माझ्या आत काहीतरी गार होत गेलं. मला वाटलं, या खोलीला एकच मिळणार होतं आणि ते दिलं गेलं.

तू पुढं काही रविवार आलास. नंतर बैठका सुरू झाल्या, शिष्य आले, रविवारीच कार्यक्रम असायचे. तुला कुणी दोष दिला नाही. ज्याचा ताप उतरला तो दवाखान्यात कशाला बसेल? पण मागं कोण उरतं ते बघ. ज्याचं परत येतं तो जातो, आणि ज्यांचं येत नाही ते बसून राहतात. नवीन माणूस दारात येतो तेव्हा त्याला नुसते बरे न झालेले दिसतात.

शेषेरावांचं तुला कळलं नसेल. ज्यांचं आपल्यामुळं नुकसान झालं त्यांच्याकडे जाऊन माफी मागायची, या पायरीवर ते पोचले. पुतण्यानं फार वर्षांपूर्वी कादंबरी वाचायला दिली होती आणि यांनी ती न वाचताच परत केली होती. पोरानं लिहिणं सोडलं. त्याचं आता हदगावला खताचं दुकान आहे. शेषेराव दुकानात जाऊन त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. पुतण्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बरंच झालं की काका. न्हाई तर मी बी तुमच्यासारखाच झालो असतो." शेषेरावांनी हे आम्हाला हसत सांगितलं. त्यानंतर ते आले नाहीत. फोन केला तर सूनबाई सांगतात, झोपलेत. केव्हाही केला तरी झोपलेले असतात.

अप्पा गेले तेव्हा तू सोलापूरला होतास. तुझा हात जोडल्याचा मेसेज मी अप्पांच्या घरी महादेवीकाकूंना दाखवला. अप्पांना उदगीरला नेलं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे माणसाला बसवूनच मातीत ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ आणि अप्पा मांडी घालून बसलेले. बसून राहू म्हणालेला माणूस खरंच बसून गेला. परत निघताना मी काकूंना विचारलं, घरी कधी काही काढत होते का? मला वाटलं होतं, एखादं तरी चित्र निघेल. काकू म्हणाल्या, "न्हाई गं बाई. रंग कालवायचे, बसायचे. रंग वाळला की धुऊन टाकायचे. रोज." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण त्या शांत होत्या, म्हणून मी नुसता नमस्कार केला.

तेव्हापासून खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी दहाला मी जाते, सतरंजी झटकते, खिडकी उघडते. एखादवेळेस नायगावचा एक नाटकवाला येतो, पण त्याला बोलायचं असतं, ऐकायचं नसतं. बहुतेक वेळा मी एकटीच असते. पहिली पायरी मोठ्यानं म्हणते. एकट्या माणसानं ती म्हटली की फार वेडगळ वाटतं, तरी म्हणते. आपल्याहून मोठं काहीतरी आहे आणि ते आपल्याला परत शहाणं करील, ही दुसरी पायरी आहे ना? मी तिच्यापुढं कधी गेलेच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी तुमच्या सोबतीनं चढल्यासारखं केलं. मला वाटतं, माझं येणार नाही. हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. म्हटल्यावर काही तरी कोसळेल असं वाटायचं. तसं काही होत नाही, भाजी चिरायची ती चिरावीच लागते.

मागच्या रविवारी मी किल्ली परत द्यायला निघाले होते. बँडवाल्यांना सांगून टाकायचं ठरवलं होतं की आता खोली नको. शेवटचं एकदा खोली बघायला जिना चढले तर वर एक मुलगी उभी होती आणि पायरीवर तिची आई बसलेली. मुलीचं नाव तनुजा. देगलूरची. शिकायला इथं राहते. तिनं एक कविता म्हटली होती, कुणीतरी मोबाइलवर टिपली आणि ती गावोगाव पसरली. लग्नपत्रिकांवर छापली, टपरीवाल्यांनी भिंतीवर लिहिली. त्यानंतर तिला एक ओळ सुचलेली नाही. जिथं जाईल तिथं लोक तीच म्हणायला लावतात. हे ऐकताना मला तू आठवलास, घाटावरचा. आई हळूच मला म्हणाली, पोरगी जेवत नाही, बोलत नाही, खोलीतून बाहेर येत नाही, दवाखान्यात दाखवून राहिलो, पण हिला आता कशातच राम वाटत नाही. मी दोघींना आत घेतलं, पाणी दिलं. तनुजानं सतरंजीकडे बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "इथं येऊन कुणाचं परत आलं का?"

त्या खोलीत खोटं बोलायचं नाही, हा अप्पांचा एकच कायदा होता. मी म्हटलं, "माझं नाही." तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि चप्पल शोधायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "एकाचं आलं." ती थांबली. तिनं विचारलं, "तो येतो का?" मी काय सांगणार होते, सर्वेश? तुझं नाव सांगितलं असतं तर तिनं मोबाइलवर तुझं गाणं ऐकलं असतं, पण गाणारा तू तिच्या काही कामाचा नाहीस. न गाणारा तू कुठं बसायचास, कसा गप्प असायचास, तोंड उघडलं की काय व्हायचं, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी म्हटलं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ये, मी त्याला बोलावते. ती हो म्हणाली नाही. आई म्हणाली, "आणते."

म्हणून हे पत्र. सकाळची बस धर, दहाच्या आत पोचशील. गायचं नाही, मला तुझं गाणं नकोय. नुसता येऊन त्या पोरीसमोर बस आणि सांग. तू आल्यावर मला बरं वाटेल असं मी म्हणणार नाही. तुझ्याकडे बघून मला काय होतं ते मला त्या सभागृहात कळलंय, आणि ते अजून गेलेलं नाही. पण या वेळी मी मध्यंतरात उठून जाणार नाही. तू बोलशील तेवढा वेळ तिथंच, तुझ्या शेजारी बसेन. तिला दोघंही दिसू देत, ज्याचं परत आलं तो आणि जिचं नाही आलं ती. तिनं काय समजायचं ते तिचं ती समजेल.

तुझीच,
विनीता