भिकनला विश्वासात कोणी आणले

मी, दगा सोनू सैंदाणे, वय त्रेसष्ट, मूळचा तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, सध्या राहणार पांडेसरा, सुरत, पूर्वी मिलच्या रंगखात्यात कामगार, धर्माने ख्रिस्ती, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. छातीचा आजार आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट दोघांनी लिहू नका म्हणून सांगितले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी पुढची खोली आमच्या ख्रिस्ती मंडळीला दिली होती.

१. दोन खोल्यांचे हे घर, ओट्यासह, माझ्या पश्चात माझी पत्नी पुष्पाबाई हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. बँकेत जे असेल तेही तिचेच. मी तेवीस वर्षांपूर्वी प्रभूला मानले, तिने मानले नाही. मागच्या खोलीत तिचे देव आहेत, पुढच्या खोलीत रविवारी आमची प्रार्थना होते. यापुढे ती होऊ द्यायची की नाही हे तिने ठरवावे. ती नाही म्हणाली, तर मंडळीने आपल्या चटया उचलून निघावे.

२. सायकल मुलगा योगेंद्र याला. तो आता सुरतेतच, पर्वत पाटिया भागात राहतो. घास तोंडात असतानाही मी त्याला तारणाबद्दल विचारत असे. एकदा तो म्हणाला, "बाबा, एकदा तरी मला नुसतं जेव म्हणा ना." त्यावरही मी त्याला बायबलमधले एक वचन ऐकवले. आता तो येतो, आईला भेटतो, जेवायला थांबत नाही. चूक माझी आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

३. भोंगा आणि त्याची बॅटरी कोणालाही देऊ नये. दोन्ही भंगारात घालावीत. मिलच्या दारात उभा राहून मी वर्षानुवर्षे त्यावर सुवार्ता सांगितली, लोक बस पकडायला धावत राहिले. मला स्वतःला विश्वासात आणले ते शेजारच्या मशीनवरच्या मारुती गावितने. तो नवापूरकडचा. जेवणाच्या सुट्टीत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा, तेही मी विचारले म्हणून मोठ्याने. 'तूही प्रभूला मान', असे तो मला एकदाही म्हणाला नाही. विश्वास मी त्याच्याकडून घेतला. आरडाओरडा माझा स्वतःचा.

४. माझे शास्त्र समोरच्या भिकन महाले याला. त्यामागची हकीकत मंडळीत खोटी सांगितली जाते, म्हणून खरी इथे लिहितो.

भिकन लूमवर काम करतो, इथे एकटाच राहतो. बारा वर्षे मी त्याला सांगत होतो. तो ऐकून घ्यायचा, चपला घालायचा आणि जायचा. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि निम्मी गल्ली रिकामी झाली. त्याच दिवशी भिकन तापाने पडला. मी पुष्पाबाईला म्हणालो, "उधन्याहून गाडी आहे, चल."

ती म्हणाली, "भिकनभाऊला पाणी कोण देईल?"

"परमेश्वर बघेल."

"मग तुम्ही जा. माले कोठे जावानं नही."

मी गेलो. डब्यात खिडकीतून चढलो. शास्त्र पिशवीत होते. नऊ दिवस गावी बसून भिकनसाठी प्रार्थना केली. त्याला मलेरिया होता, हे नंतर कळले. पुष्पाबाई त्याच्या उशाशी बसली तेव्हा तिला ते माहीत नव्हते.

परतलो तेव्हा भिकन ओट्यावर बसला होता. म्हणाला, "दगाभाऊ, तुमच्या येशूचं मला सगळं नीट सांगा." मला आनंदाने भरून आले. माझे कोणते बोलणे मनाला लागले, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुमचं नाही. वहिनींनी मेंढराची गोष्ट सांगितली."

मी तिला विचारले. ती म्हणाली, "घाबरला होता, काहीतरी बोला म्हणे. मला दुसरं काय येतं? तुम्ही इतकी वर्षं ओरडताय, पाठ झालंय." तिच्या गोष्टीत धनगर हरवलेले मेंढरू शोधायला जातो, तेव्हा बाकीची मेंढरे त्याची बायको राखते. मी म्हणालो, असे शास्त्रात नाही.

"नसू दे. पण कोणीतरी राखलीच असतील ना?"

भिकनचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळीचे पुढारी गजेंद्रभाऊ यांनी अहवालात लिहिले की, बंधू दगा यांनी जिवाची पर्वा न करता रोग्याची सेवा केली व एक आत्मा जिंकला. मी तीनदा त्यांच्या घरी जाऊन सांगितले, हे खोडा. ते म्हणाले, "साक्ष चांगली आहे भाऊ, लोकांना बळ येतं. आणि वहिनी अजून बाहेरच्या. त्यांचं नाव कसं घालायचं?"

गेल्या महिन्यात मी प्रार्थनेत उभा राहिलो. "मी पळून गेलो होतो," एवढे म्हणालो, तोच गजेंद्रभाऊंनी गाणे सुरू केले. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी तोंड उघडे ठेवून उभा.

म्हणून हे कलम मला पुरताना, खड्डा बुजवण्याआधी, योगेंद्रने सर्वांसमोर पूर्ण वाचावे. त्या वेळी कोणीही गाणे सुरू करू नये.

५. माझ्या मरणाचे निमित्त करून पुष्पाबाईला कोणी विश्वासाचा आग्रह करू नये. तेवीस वर्षे मी केला, तेवढा पुरे. ती का मानत नाही हे मला कळलेले नाही आणि त्याचा मला आजही राग येतो, हेही खरेच लिहितो. गेल्या आठवड्यात माझी छाती शेकताना तिने विचारले, "तुम्हाला पुरतील, मला जाळतील. मग आपली गाठ कुठं पडायची?" मिलच्या दारात एवढे बोललेला मी, मला एक शब्द सुचला नाही. तिने शेकायचा कपडा पुन्हा तव्यावर ठेवला. मंडळीत कोणाकडे याचे उत्तर तयार असेल, तर ते त्याने तिला सांगू नये.

हे मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. भिकनलाही करायची होती; पण त्याला शास्त्र मिळणार असल्याने वकिलांनी नको म्हटले.

सही: दगा सोनू सैंदाणे

साक्षीदार:
१. मारुती होन्या गावित, उधना
२. भटू पंडित वाघ, पांडेसरा

सुरत, ९ फेब्रुवारी १९९६