अस्तरातली ओंबी

होर्गसे बेट,
२ सप्टेंबर १९७२

चि. टॉर्क्विल यास मार्सलीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे पाठ दुखते, गाय आटली आणि बेटावर सिनेमावाले उतरलेत. बत्तीस माणसं, त्यांतल्या एकालाही बोटीतून धड उतरता येत नाही. सगळं गाव त्यांनी कामाला लावलंय. कथा अशी, की एक शाळा तपासनीस आपल्यासारख्याच एका बेटावर येतो. तिथली माणसं जुने देव मानणारी. तीन वर्षं पीक बुडालेलं, म्हणून ती त्याला धरून शेतात जिवंत पुरतात. पुरणारे आम्ही. मी ‘तिसरी बाई’.

मी त्यांच्या दिग्दर्शकाला, पेवरेलसाहेबांना, विचारलं की या बाईचं नाव काय. ते म्हणाले, नाव नाही, तिसरी बाई एवढंच. तपासनिसाला नाव आहे, त्याच्या आईला आहे, कुत्र्यालासुद्धा आहे, आणि तो कुत्रा तर नुसता फोटोत. आम्हा चाळीस जणांत एकालाही नाही. शेवटी मीच तिला गोर्मल म्हणायला लागले, आजीच्या आत्याचं नाव. माणूस पुरणं मला पटत नाहीच. पण तीन वर्षं ओटचं पीक बुडालं तेव्हा त्या लोकांनी काय खाल्लं, हे त्या कथेत कोणी विचारलेलं नाही. तपासनीस त्यांची भाकरी खातो, त्यांच्या देवाला हसतो, उभ्या पिकातून बूट घालून फिरतो. माझा जीव गोर्मलसाठीच तुटतो.

रविवारी आम्ही कोणीच कामाला गेलो नाही, चर्चला गेलो. पेवरेलसाहेब कपाळाला हात लावून बसले. जुन्या देवांचे भक्त म्हणून आणले आणि हे रविवार पाळतात, असं म्हणाले. शेजारच्या यूअनने त्यांची समजूत घातली, की सोमवारी सकाळी सहाला आम्ही परत भक्त होऊ.

तू तिकडे सिनेमावाल्यांच्याच सुतारखान्यात आहेस, ओळख असेल तर त्यांना चार शब्द सांग. थंडीत कोटाची बटणं लावत जा. पत्र मोठं लिहावं, माया आहेच.

तुझी,
मार्सलीताई


ग्लासगो,
१४ सप्टेंबर १९७२

ती. ताईस टॉर्क्विलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुतारखान्यात वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. लहानपणी तू मला नुसते डोळे वटारून धाकात ठेवायचीस, त्या डोळ्यांची कदर शेवटी एका दिग्दर्शकाने केली म्हणायची.

पेवरेलसाहेबांना मी ओळखतो, भला माणूस आहे. सिनेमा तो, ताई, राईचा पर्वत करू नकोस. नाव नसलं म्हणून गोर्मलचं काय अडलंय? त्यांनी काही वस्तू मागितली तर बिनघोर दे, ते नीट परत करतात. यूअनला सांग, पडद्यावर दात नसले तरी चालतं.

मोठं लिहायचं म्हणतो, पण कामाचा रेटा आहे. रागावू नये, नि रागावलीस तरी तेवढ्यापुरतंच.

तुझा,
टॉर्क्विल


होर्गसे,
११ ऑक्टोबर १९७२

चि. टॉर्क्विल यास आशीर्वाद.

त्यांनी म्हातारी जाळली.

यंदा त्यांचे तंबू माझ्या शेतात, त्यामुळे माझी कापणी सगळ्यांच्या मागे राहिली आणि शेवटची पेंढी माझ्या वाट्याला आली. रीतीप्रमाणे गाव मला हसलं. मी पेंढीची म्हातारी बांधली, तिला आईची टोपी घातली, चुलीपाशी बसवली. दुसऱ्या दिवशी पेवरेलसाहेब दारात आले, भाकरी खाल्ली आणि दोन तासांसाठी म्हातारी मागितली. तिचं सगळं त्यांना ठाऊक होतं. हिवाळाभर तिला घरात जेवू घालतात, वसंतात तिचे दाणे बियाण्यात मिसळतात, आजवर एकही साल चुकलेलं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. यूअन बोलला असेल असं मला वाटलं. भाकरी खाल्लेल्या पाहुण्याला दारातून रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं. त्यात तुझं पत्र डोळ्यांपुढे. मी दिली.

तपासनिसाला पुरून झालं की आनंदाने गायचं, एवढंच आम्हाला सांगितलेलं. गाणं सुरू झालं आणि त्यांच्यातल्या एकाने तिला पेटवलं. आधी मुद्दाम सांगितलं नव्हतं, चेहरे खरे यावेत म्हणून. यूअन आगीत हात घालायला धावला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पेवरेलसाहेब टाळ्या वाजवत होते. त्यांच्या कथेत आम्ही पाहुण्याचा जीव घेतो, आणि इथे पाहुण्याला साधं नाही म्हणता येईना म्हणून आमची म्हातारी गेली. कोणापुढे डोकं आपटू सांग.

शेतं सगळी कापून झाली, दुसरी म्हातारी होत नाही. आता एकच वाट आहे. बेट सोडणाऱ्याच्या कोटात म्हातारीची ओंबी शिवतात, तशी सात वर्षांपूर्वी आईने तुझ्या कोटाच्या अस्तरात शिवली. सुई मीच ओवून दिली होती. जुनी असली तरी ती म्हातारीचीच. ती काढून पेरणीच्या आत पाठव, म्हणजे साल चुकणार नाही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मार्सलीताई


ग्लासगो,
२० नोव्हेंबर १९७२

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाचून फार वाईट वाटलं. इथे पंधरा दिवस धुकं आहे, समोरचा माणूस दिसत नाही. घरमालकिणीच्या मांजरीला चार पिल्लं झाली. कोट सध्या धुलाईला दिलाय, आला की बघतो. तुझ्यासाठी लोकरीची शाल पाठवतोय, निळी आहे. जपून असावं.

टॉर्क्विल


होर्गसे,
९ डिसेंबर १९७२

चि. टॉर्क्विल यास आशीर्वाद.

शाल मिळाली, उबदार आहे. शाल पेरता येत नाही.

ओंबी हरवली असेल तर तसं लिही. मी चिडेन, भांडी आपटेन, मग गप्प होईन. पण मला धुकं आणि मांजरं लिहून पाठवू नकोस. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय, तुझी थाप मला पाकीट फोडायच्या आधी कळते.

मार्सलीताई


ग्लासगो,
४ मार्च १९७३

ती. ताईस टॉर्क्विलचा सा. न. वि. वि.

कोट धुलाईला नव्हता. पेवरेलसाहेबांना म्हातारीबद्दल यूअनने नाही, मी सांगितलं. गेल्या जुलैत, सुतारखान्यात चहा पिताना. सात वर्षांत इथे आपल्या बेटाबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. ते मन लावून ऐकत होते, मी वाहवत गेलो. नमुना हवा म्हणाले, तर अस्तर उसवून ओंबी काढून दिली. परत करतो म्हणाले होते.

काल सिनेमा पाहिला. त्यात तपासनिसाला आपल्या कोटाच्या अस्तरात एक ओंबी सापडते, त्याच्या मरणाची खूण म्हणून. पडदाभर ती ओंबी. तिच्यावर आईचा हिरवा दोरा, शेवटी ती मारायची तशी दुहेरी गाठ. सगळं थिएटर भीतीने गार पडलं. ती ओंबी शहरात निघालेल्या पोराच्या कोटात त्याच्या आईने शिवली होती, हे तिथे मला एकट्यालाच माहीत होतं. मी रडलो, ताई.

मग पडद्यावर तुम्ही सगळे आलात. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली की काय रानटी माणसं, बघा कशी किंचाळताहेत. ती माझी बहीण आहे, तिची म्हातारी जळतेय, एवढं मला सांगायचं होतं. मी चॉकलेटच्या कागदाच्या घड्या घालत बसलो.

आज कंपनीच्या कोठारात गेलो. ओंबी एका खोक्यात होती, खोक्यावर ‘शाप’ असं लिहिलेलं. न विचारता उचलून आणली. अकरा दाणे उरलेत. दोऱ्यासकट पाठवतोय. माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला धीर होत नाही.

टॉर्क्विल


होर्गसे,
१० जून १९७३

चि. टॉर्क्विल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण हातात लेखणी घेतली की शिव्याच यायच्या. दाणे वेळेत पोचले. जुन्या घंगाळात माती भरून दक्षिणेच्या भिंतीशी पेरले, कोंबड्यांसाठी वर जाळी. पाद्रीबाबा बघायला आले. हे बरं नव्हे असं म्हणाले, आणि मग जाळी थोडी उंच बांध म्हणाले. अकरांतले चार उगवले. एक गोगलगायीने नेलं. उरलेले तीन हातभर उंच झालेत.

तू त्या माणसाजवळ बोललास याचा मला राग नाही. कोणीतरी आपलं ऐकतंय म्हटल्यावर माणूस बोलणारच. राग आहे तो तू त्या बाईशेजारी गप्प बसलास याचा. सिनेमा परत लागला तर जा. तिसरी बाई गोर्मल, आगीकडे धावला तो यूअन, आणि त्याचे भाजलेले हात अजून बरे झालेले नाहीत, हे शेजारी जो कोणी बसेल त्याला सांग.

सप्टेंबरात तू इकडे यायचं आहेस. ती तीन ताटं तूच कापायची, सगळ्या गावाच्या मागून, म्हणजे म्हातारी तुझ्याकडे लागेल आणि गाव तुला हसेल. ती काही जेवायला ग्लासगोला येणार नाही, तेव्हा हिवाळाभर तुलाच इथे राहावं लागेल. येताना तो कोट आण. अस्तर उसवलेलंच असेल. आईचा दोरा मी जपून ठेवलाय.

तुझी,
मार्सलीताई