चिमणीमार

प्रिय डेल्मर,

तू बाहेर ओसरीवर खुर्ची टाकून बसला आहेस आणि मी आत स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. बाईचं डोकं फिरलं असं म्हणशील, तर फिरलेलं नाही. नेमबाजीच्या क्लबचा विषय काढला की तू कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकतोस आणि शहाण्या बैलासारखी मान डोलावत राहतोस. कागदापुढे तुझी ती युक्ती चालायची नाही. काल तू आपल्या टॅमीला फोनवर ओरडून सांगत होतास, "रविवारी येशील तेव्हा पिस्तुलाची पेटी घेऊन जा, जावईबापूंना होईल. मला आता काय करायचंय तिचं!" कुंपणापलीकडच्या गाईंनीसुद्धा ऐकलं असेल. तेव्हा पोरगी यायच्या आत मला चार गोष्टी बोलून घ्यायच्या आहेत.

अंगठ्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि डॉक्टर नको म्हणत असताना तू तुझी पंचेचाळीस कॅलिबरची घेऊन क्लबात गेलास. तिथे तुझ्या त्या दोस्ताने, हॉइटने, नेहमीची खोडी काढली. तुझ्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, खऱ्या गोळ्यांमध्ये, गुपचूप एक फुसकं काडतूस सरकवून दिलं. तू चाप ओढलास, बार झालाच नाही, पण नळी मात्र पाया पडायला वाकावी तशी खाली गेली. म्हणजे धक्का बसायच्या आधीच तुझा हात दचकत होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. हॉइट म्हणाला, "अरे डेल्मर, दुखतंय तर हलकी नऊ एमएम घे ना, माझ्याकडे आहे." तू म्हणालास, "मी काय चिमण्या मारायला येतो का इथे?" घरी आलास, पेटी कपाटात टाकलीस, आणि तेव्हापासून या ओसरीवर बसला आहेस.

मला ठाऊक आहे तुझी अडचण. नऊ एमएमवाल्यांना 'चिमणीमार' हे नाव तूच ठेवलंस. हॉइटचा मेहुणा पहिल्यांदा ती घेऊन आला तेव्हा त्याला पाखरांचे दाणे पुडीत बांधून दिले होतेस. आता स्वतः ती कुठल्या तोंडाने हातात धरणार? स्वतःच खणलेल्या खड्ड्यात तू बसलास, आणि वर माझी कॉफी पांचट झाली म्हणून माझ्यावरच गुरगुरतोस.

आता माझी बातमी ऐक, आणि खुर्चीचे हात धरून ऐक. दर शनिवारी मी चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला जाते ना? मी एकही टाका घातलेला नाही. मी क्लबात जाते. मागे एकदा तू माझ्या केसांचा वास घेऊन विचारलंस, "चर्चमध्ये बेकन जाळलं का गं कुणी?" मी हो म्हटलं. ती दारू होती, डेल्मर, काडतुसातली.

पहिल्या दिवशी माझी काय फटफजिती झाली ते हॉइट तुला रंगवून सांगेलच. त्याआधी मीच सांगते. मी मोठ्या गळ्याचा निळा ब्लाऊज घालून गेले होते. पहिलाच बार केला, आणि उडालेली काडतुसाची तापलेली पुंगळी सरळ गळ्यातून आत! मी जी नाचायला लागले! हॉइट मागून ओरडतोय, "नळी समोर ठेव आर्लीन, नळी समोर! नाच नंतर!" मी पिस्तूल नीट खाली ठेवलं आणि मग जो नाच केला तो आपल्या लग्नातसुद्धा केला नव्हता. क्लबातले सगळे खांब धरून हसत होते. आता गळाबंद शर्ट घालते, तुझाच चौकटीचा. तो धोब्याकडे हरवलेला नाही.

आणि ते हॉइटचं नऊ एमएम पिस्तूल! तू चिमण्या म्हणतोस, पण एकदा हातात धरून तर बघ. तुझ्या पंचेचाळीसची जुळी बहीण आहे. तेच पोलाद, तेच वजन, तीच अक्रोडाच्या लाकडाची मूठ. अंगठ्याखालचा खटका त्याच जागी, आणि चाप तसाच काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटणारा. डोळे मिटायला लावून हातात दिलं तर तुला फरक कळायचा नाही. फरक आहे तो आतल्या काडतुसाचा. तुझी पंचेचाळीस लाथ मारते, ही नुसती खांद्यावर हात ठेवते. वरची सरकती स्लाइड मागे ओढायला तुझे दोन्ही हात आणि चार शिव्या लागतात. हिची स्प्रिंग हलकी, माझ्या या संधिवाताच्या बोटांनी मी ओढते. बार झाला तरी नळी जागच्या जागी राहते, त्यामुळे दुसरी गोळी कुठे जाणार ते आधीच दिसतं. गोळ्याही एक-दोन जास्त मावतात. आणि अख्खी सकाळ बार काढले तरी संध्याकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडता येतं. तुझं काय व्हायचं? जेवताना काटा डाव्या हातात धरायचास आणि मला कळू नये म्हणून टीव्हीकडे बघायचास. मी बघत होते, बरं का.

आता खरी गंमत. गेल्या महिन्यात हॉइट ऐटीत आपली जुनी पंचेचाळीस घेऊन उभा राहिला. म्हणाला, "बायांनो आणि चिमणीमारांनो, आता बघा पुरुषाचं पिस्तूल!" तेवढ्यात त्याला कुणीतरी कॉफीला हाक मारली. मी हळूच त्याच्या मॅगझिनमध्ये फुसकं काडतूस घातलं. तो आला, पाय रोवले, चाप ओढला. खट्! आणि नळी अशी खाली गेली की वाटलं जमिनीवर पडलेली किल्लीच शोधते आहे. तुझी गेली होती त्याच्या दुप्पट! मग तो स्वतःच हसला आणि म्हणाला, "बिचाऱ्या डेल्मरला मी उगाच हसलो रे." मग एकेकाने आपापल्या मॅगझिनमध्ये फुसकं घालून घेतलं, आणि एकजात सगळे दचकले. वर्षानुवर्षं दचकत होते, पण बाराच्या आवाजात कुणाला कळलं नव्हतं. पकडला जाईल त्याने सगळ्यांना पिकान-पाय हा गोड पदार्थ खाऊ घालायचा हा नियम आहे, त्यामुळे त्या आठवड्यात गावात पिकानचे दाणे शिल्लक राहिले नाहीत. आता निम्म्या क्लबाकडे नऊ एमएम आहे. त्यांनी टोप्यांवर चिमणी शिवून घेतली आहे, आणि ती कुणाच्या नावाने शिवली ते तू ओळख.

एवढंच सांगायचं असतं तर मी तुला धरून आणून हॉइटकडूनच सांगवलं असतं. पण परवा तू मासेमारीचा गळ शेजाऱ्याला दिलास. त्याआधी शिकारीचे बूट दिलेस. काल पेटी. माझ्या वडिलांनी शेवटच्या वर्षी असंच एकेक वाटून टाकलं होतं, आणि आम्ही त्यांना उदार म्हणत राहिलो. मला भीती वाटते, डेल्मर. हे मी तोंडाने बोलले असते तर रडले असते, आणि तू पाणी आणायला म्हणून उठून गेला असतास. मला नेमबाजीचं वेड लागलेलं नाही. तू शनिवारी शीळ घालत घरी यायचास, ते का यायचास हे मला बघायचं होतं. आता बघितलं आहे. पेटी टॅमीला द्यायची तर दे, पण तू स्वतःला वाटून टाकलेलं मी चालू देणार नाही. उद्या शनिवार आहे. सकाळी मी गाडीत जाऊन बसेन. मला गाडी चालवता येते, रस्ताही पाठ आहे. तरीही मी बाजूच्या सीटवरच बसणार आहे.

तुझीच, आणि अजून बरीच वर्षं तुझीच राहायचा हट्ट धरलेली,
आर्लीन