कोल्हारला थांबलेली गेंड्याची मादी

अण्णा, तुम्ही शेवटच्या आजारपणात मला जे विचारून ये म्हणाला होतात, ते मी विचारलं. उत्तर मिळूनही आता बरीच वर्षं झाली.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. प्रवरेचं पात्र कोरडं पडलेलं. तुम्ही कोल्हारच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर, आणि मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. मनमाडकडून आलेला एक ट्रक गावाबाहेर बंद पडला. त्यावर पिंजरा, आणि पिंजऱ्यात प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली गेंड्याची मादी. बोलावणं आलं तेव्हा आपण जेवत होतो. तुम्ही ताटावरून उठलात, मी तुमच्या मागोमाग.

पिंजऱ्याच्या तळाला पत्रा होता. त्यावर उभं राहून राहून तिच्या मागच्या पायांचे तळवे फाटले होते. ती एक पाय उचलते, टेकवते, पुन्हा उचलते. एवढं अजस्र जनावर, आणि आवाज मात्र गाईपासून तोडलेल्या वासरासारखा, बारीक. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

औषध नंतर, आधी पायाखाली चिखल हवा, असं तुम्ही म्हणालात. टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. त्यांतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "डाक्टर, आमी प्यायला पानी पुरवून पुरवून घेतो, आन तुमी चिखल करनार व्हय?" तुम्ही तडक घराकडे वळलात. घरी येऊन आईनं भरून ठेवलेलं पिंप हातगाडीवर चढवायला लागलात. आई दारात उभी होती. तिनं अडवलं नाही, मदतही केली नाही. मीच म्हणाले, माणसं तहानलेली असताना हे बरोबर नाही.

"नसेल बरोबर," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. "पण मला तिचे पाय बघायला बोलावलंय."

नदीतला गाळ गजांमधून आत ढकलून आपण त्यावर ते पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं तिनं चारही पाय टेकले, मग ती आडवी झाली, आणि आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला. त्या म्हातारीच्या घरावरून जाताना तुम्ही पुढं कायम मान खाली घालून जायचात.

तुमच्यानंतर मी त्याच प्राणिसंग्रहालयात संशोधनाला लागले. गेंड्यांचे पाय हाच माझा विषय झाला. सिमेंटवर राहणारा गेंडा कोणत्या पायावर भार देतो, किती वेळ आडवा होतो, मातीवर आणल्यावर भेगा भरतात का, हे वर्षानुवर्षं बघितलं, मोजलं, वरिष्ठांशी भांडले. शेवटी सिमेंट फोडलं गेलं, मऊ माती आली, चिखलाचं डबकं आलं. पहिल्यांदा एक म्हातारा नर त्यात बसला तेव्हा सगळे आनंदानं बघत होते. मला मात्र तो बारीक आवाज ऐकू येत होता, आणि तिथं कुणीच ओरडत नव्हतं.

आपल्या त्या मादीला सांभाळणारा माणूस तेव्हा निवृत्तीला आला होता. तिचे पाय पुढं बरे झाले का, हे तुमचं विचारणं मी त्याला विचारलं. ती बरीच वर्षं जगली, अण्णा, सिमेंटवरच. जखमा भरायच्या, पुन्हा फाटायच्या. शेवटी शेवटी ती भिंतीला टेकून उभ्यानंच डोळे मिटायची.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. तुम्ही समोर बसून विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, चांगली होती.