कोचची कसून छाननी

३ तारीख, मंगळवार
बायको बहिणीकडे गेली. शाळेत शिकवायला तिकडूनच जाणार म्हणे. हवापालट, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं. हवापालटाला दोन मोठ्या बॅगा कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. सुसंस्कृत लोक आहेत. निघताना म्हणाली, तुमच्याशी बोलणं म्हणजे पत्रकार परिषदेला बसल्यासारखं आहे. प्रश्नही तुमचे आणि उत्तरंही तुम्हीच छापणार. उपमा चांगली होती. तसं तिला सांगितलंही. त्यावर जास्तच भडकली. कोणाशी तरी बोला, नाहीतर मला माझा विचार करू द्या, म्हणाली.
संकल्प: स्वभावाला वळण लावणारा पर्सनल कोच नेमणे. ती परत येईपर्यंत माणूस नवा. आयुष्यभर बातमीदारी केली. खात्री केल्याशिवाय ओळ छापू दिली नाही. कोचही पारखूनच घेणार.

५ तारीख, गुरुवार
पहिली उमेदवार. शांत बाई. दोन खुर्च्या, एक खिडकी. पदवी खरी, विद्यापीठात फोन करून पडताळली. प्रशिक्षणही खरं. बाईंनी विचारलं, घरी काय चाललंय? म्हटलं, आधी प्रश्न मी विचारणार. विचारा, म्हणाल्या. विचारत गेलो. वेळ संपली. तेव्हा म्हणाल्या, तुम्हाला माझ्याबद्दल सगळं कळलं, मला तुमच्याबद्दल काहीच नाही. पुढे तर कहरच: हा प्रश्न दोघांचा दिसतो, माझ्या कामात बसत नाही, दोघं मिळून विवाह-समुपदेशकाकडे जा. दारी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते! आत्मविश्वासाचा संपूर्ण अभाव. बाद.

७ तारीख, शनिवार
बायकोचा फोन. काही ठरलं का, विचारत होती. म्हटलं, छाननी चालू आहे. मग हळूच म्हणाली, मीही येऊ का तुमच्याबरोबर? म्हटलं, एवढ्यात नको, आधी कोच निश्चित होऊ दे, तू उगाच दगदग करू नकोस. त्यावर फोन कट झाला. तिच्या बहिणीकडे नेटवर्कची बोंबच आहे.
रात्रीचे तीन वाजले, अजून जागा आहे. कॉफी कमी करणे.

१० तारीख, मंगळवार
सापडला! ऑफिसभर स्वतःचे हसरे फोटो. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र. संस्थेला फोन लावला तर समोरच्या खुर्चीतून त्यांनीच उचलला. संस्थापक तेच. केवढी सोय! तीन जुन्या शिष्यांचे नंबर दिले. तिघंही म्हणाले, सरांमुळे आयुष्याला दिशा मिळाली. शब्दन्‌शब्द तोच. याला एकवाक्यता म्हणतात. शास्त्रात तिला मोठा मान आहे. आमच्या पेपरचा फोटोग्राफर हे ऐकून म्हणाला, साहेब, पोलिसांचे तीन साक्षीदार असे पोपटासारखे बोलले असते तर तुम्ही बातमी अडवली असतीत. म्हटलं, तू फोटो काढ.
मुख्य म्हणजे, माझं म्हणणं अर्धं ऐकूनच सर म्हणाले, प्रॉब्लेम तुमच्यात नाहीच. पहिल्याच भेटीत इतकं अचूक निदान!

११ तारीख, बुधवार
पहिलं सत्र. सूत्र: विचारू नका, सांगा. समोरच्याला मुदत द्या. सरांच्या देखतच बायकोला फोन केला. म्हटलं, रविवारपर्यंत मला निर्णय हवा. आवाज छान लागला. जरा कापला, पण तो भारदस्तपणामुळे. ती म्हणाली, बरं. एवढंच. सरांनी टाळी दिली.
परतल्यावर ऑफिसात एकच बातमी पुन्हा पुन्हा लिहीत बसलो. उपसंपादक म्हणाली, बरं वाटत नाहीये का? कामाचा ताण, दुसरं काय.

१५ तारीख, रविवार
सकाळीच घर झाडलं. उशांचे अभ्रे बदलले, तिच्याही. दुपारी ती आली. बरोबर साडू, त्याची गाडी आणि रिकामी खोकी. रविवारपर्यंत म्हणालात ना, म्हणाली, झाला निर्णय. शाळेजवळ खोली घेतली आहे. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पुस्तकं गेली, थंडीचे कपडे गेले. साडू माझ्याकडे न बघता खोकी उचलत होता. शेवटी ती शिवणयंत्र घेऊन दारात थांबली. म्हणाली, तुम्हाला मला काही विचारायचंय?
इतक्या वर्षांत मुलाखतीसाठी कोणी असं स्वतःहून उभं राहिलं नव्हतं. प्रश्न ओठांवर आलाही होता. पण सूत्र म्हणजे सूत्र. विचारलं नाही, सांगितलं: यंत्राचं झाकण सैल आहे, खालून धर.
धरलंय, म्हणाली.

१६ तारीख, सोमवार
सरांचा फोन. म्हणाले, अभिनंदन! पहिल्याच सत्रात निर्णय, असा रिझल्ट लाखात एखाद्याला मिळतो. पुढचा विषय काय घेऊ या? मी सवयीनं मान वळवून आतल्या खोलीकडे बघत म्हटलं, अगं, ऐकलंस का?
ऐकतोय ना, फोनमधून सरांचा आवाज आला, बोला.