टॉलिव्हर काउंटीचं विरजण

२ सप्टेंबर १८७९
दुपारच्या गाडीनं पोचलो. काउंटीचा पहिला इतिहास लिहायला मला बोलावलंय, त्याचा आनंद माझ्यापेक्षा गावालाच जास्त! मका डोक्यावर गेलाय, हवा कोरडी आणि गोड आहे. उतरलोय केझाया प्रूइट या म्हाताऱ्या विधवेकडे. तेवीस वर्षांपूर्वी पहिल्या अकरा बैलगाड्यांतून जे लोक इथं आले, त्यांतली आता ती एकटीच उरलीय. मी हात धुतो न धुतो तोच तिनं गरम पाव पुढ्यात ठेवला. किंचित आंबट, लुसलुशीत. चार तुकडे हाणले.

५ सप्टेंबर
सात घरं झाली, सगळीकडे तोच पाव. पाव फुगवायचं विरजण मूळचं एकच. पहिल्या हिवाळ्यात केझायाबाईनं ते गाडग्यात घालून, पोटाशी धरून जगवलं. त्यातलंच घराघरांत गेलं. इथं नव्या संसाराला आधी विरजण देतात, मग आशीर्वाद. मलाही वाडगाभर मिळालं. काखेतल्या घामासारखा वास येतो, पण पाव झकास होतो. बायकोला, ऑलिव्हला, पत्र टाकलं : मुलींना घेऊन ये, इथंच घर थाटू.

९ सप्टेंबर
वस्तीच्या पहिल्या यादीत सेहेचाळीस नावं, पुढच्या वसंतातल्या यादीत एकोणतीस. सतरा माणसं त्या हिवाळ्यात गेली, पण थडगं एकाचंही नाही. केझायाबाईला विचारलं. कणीक मळता मळता ती म्हणाली, जमीन लोखंडासारखी गोठली होती, कुदळ लागत नव्हती. मग पुरलं कुठं? तशी ती हसली.
"पीठ संपलं होतं, लेका. विरजणाला रोज काहीतरी चारावं लागतं. ते मेलं असतं तर वस्ती मेली असती. आणि ती माणसं तर आधीच मेली होती. बहुतेक सगळी."
मी धावत अंगणात जाऊन ओकलो. मागून ती ओरडली, "तिथं नको रे, कोंबड्या टिपतात!"

१० सप्टेंबर
पाव सोडला. मक्याच्या कण्या घशाखाली उतरत नाहीत. वाडग्यातल्या विरजणाला मी काहीच घातलं नव्हतं, तरी ते उतू जाऊन खिडकीवरून ओघळलंय. त्यात एक नख सापडलं. लहान मुलाचं, पातळ. वाडगा उचलला तर कोमट लागला, आणि आतलं धपापत होतं. सगळं संडासात ओतलं. मग लक्षात आलं, मी बोटं चाटतोय. एकेक बोट, मुळापर्यंत. शी!

१२ सप्टेंबर
मनगट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. अंगाला तोच आंबूस वास. तीनदा साबण लावला, वास जात नाही.
ऑलिव्हची तार आली. परवा दुपारी पोचते म्हणे. उलट तार करायला धावलो : येऊ नकोस. पोस्टमास्तर फोसडिकनं कागद वाचला, घडी करून खिशात टाकला. मग बाही वर सारून स्वतःच्या दंडात अंगठा रुतवून दाखवला. अख्खा अंगठा! म्हणाला, "पहिला महिना जरा जड जातो. मग मुरतं अंगात."

१३ सप्टेंबर
पुढच्या स्टेशनावर चालत निघालो होतो. गुडघे मऊ — मैलभरही नाही झालं. फोसडिकच्या गाडीतून परत आणलं. सगळे किती मायेनं बोलतात!

१४ सप्टेंबर
लेखणी बोटांत रुतते. काढली की धागे निघतात —
गाडीची शिट्टी झाली. दाराला आतून ट्रंक लावलीय, कुणी आत येऊ नये म्हणून. हाका मारल्या, तोंडातून नुसते बुडबुडे —

ऑलिव्हचा आवाज. खाली केझायाबाई तिला सांगतेय, साहेब वर आहेत, जरा सुजलेत.

माझी टेसी एकटीच जिना चढून आली. सहा वर्षांची आहे. दाराच्या फटीतून हात घातलाय आत. बाबा, भूक लागली, म्हणतेय.
जा, टेसी. खाली जा. आईला सांग —
माझा डावा हात. मी नको म्हणतोय तरी स्वतःचाच तुकडा मोडून तिच्या तळहातावर —