बाबांना पटलेलं घर

रिसोड, रविवार, संध्याकाळ

जर्मनीतल्या ताईनं आज तीन घरांचे फोटो पाठवले. उन्हाळ्यात इटलीतल्या एखाद्या खेड्यात सगळ्यांनी आठ दिवस एकत्र राहायचं म्हणते. मला स्विमिंग पूलवालं घर हवंय, आईला पायऱ्या नकोत. आणि बाबांचं महिनाभर एकच, "मले नाही यायचं. खेडं पाहाले विमानानं कायले जा लागते?" अस्सा राग येतो! लेकीला भेटायचं म्हणून तरी यावं की नाही माणसानं?

चहाच्या वेळी फोन त्यांच्या हातात दिला आणि गप्प बसले. पूलवालं घर त्यांनी बोटानं सरळ पुढं ढकललं. तिसऱ्यावर थांबले. फोटो मोठा करत करत घरामागच्या शेतापर्यंत गेले. "सूर्यफूल हाये. लय दाट पेरलं पण." चष्मा पुसून पुन्हा तेच शेत.

"यायचं नाही ना तुमाले? मंग कायले पाहता?" आई म्हणाली.

आत्ता हे लिहितेय तर ओसरीवरून बाबांची हाक, "काय वं, त्याईचं सूर्यफूल कापाले कधी येते, ते ताईले इचार. त्याच्या आधी जा लागन."

त्या घराला पूल नाही. नसू दे.